‘तुमचाच ना हा सण?’ – तुमच्या घरी काय ठरलं ते सांगा

गेल्या ऑक्टोबरात मुलाच्या शाळेच्या ग्रुपवर निरोप आला. ३१ तारखेला हॅलोवीनसाठी मुलांनी भूत, चेटकीण नाहीतर सांगाडा बनून यावं, सोबत खाऊचा डबा. मी वाचून कपाळाला हात लावतेय तोवर शेजारच्या काकू दारात. “अगं, तुलाच विचारायला आले, नातवाला काय घालायचं? तुमचाच ना हा सण?”

काय सांगणार! नाशिकच्या शरणपूरला वाढले, तीन पिढ्या ख्रिस्ती, आणि हॅलोवीन पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर. आमच्याकडे ३१ ऑक्टोबर म्हणजे आजोबांचा दिवस. १५१७ साली याच तारखेला मार्टिन ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले आणि तिथून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला, हे ते दर वर्षी जेवताना सांगायचे आणि आम्ही दर वर्षी भात चिवडत बसायचो. नाव मात्र खरंच चर्चमधून आलंय. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण, त्याची आदली संध्याकाळ म्हणजे हॅलोवीन. आयर्लंडात लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर भोपळा सापडला. हे सगळं काकूंना दारात उभ्या उभ्या सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचाच की!”

माझं कोडं वेगळंच आहे. संक्रांतीचा तिळगूळ घ्यावा की नाही यावर आमच्या घरात कधी सभा भरली नाही. सभा भरते ती व्हॅलेंटाइन, थर्टीफर्स्ट, सांता, हॅलोवीन या ‘आमच्या’ समजल्या जाणाऱ्या दिवसांवर. पूजेअर्चेचे सण इथे नकोत, तो मोठा विषय आहे. सगळं गाव जे दिवस करतं त्यांचं बोला. कोण चूक, कोण बरोबर हेही नको. नाशिककरांनो, तुमच्या घरी काय झालं तेवढं सांगा.

नाशिकरोडहून

आम्ही कॅथलिक. वडील इथल्या सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. आमच्याकडे २ नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस, मोठा. आदल्या आठवड्यात आजीच्या कबरीवरचं गवत काढायचं, चुना मारायचा, त्या दिवशी झेंडू आणि मेणबत्त्या. फादर येऊन कबरींना आशीर्वाद देतात. संध्याकाळी सगळं कबरस्तान उजळलेलं असतं. वारा सुटला की मेणबत्त्या पुन्हा पुन्हा पेटवायचं काम पोरांचं.

दोन वर्षांपूर्वी शाळेत ते भुतांचं झालं आणि तिसऱ्या दिवशी माझा मुलगा गाडीवर बसेना. “तिथे सांगाडे असतात.” ज्या जागी तो मागच्या वर्षी पणजीसाठी फुलं घेऊन धावत गेला होता, तिथे! मला राग आला, पण कोणावर काढायचा? शाळेने वाईट हेतूने केलं नव्हतं. शेवटी बाबा म्हणाले, मी नेतो. त्याला कबरीशेजारी बसवून त्यांनी आपल्या आईच्या गोष्टी सांगितल्या. ती विडी कशी लपवायची, देवळालीला पायी कशी जायची. पोरगं हसायला लागलं. पुढच्या वर्षी ३१ तारखेला त्याला शाळेत न पाठवता घरी ठेवलं. चिठ्ठीत कारण लिहिलं ‘घरगुती काम’. खोटं नव्हतं, चुना आणायचाच होता.

सिडकोतून

हॅलोवीनचं राहू द्या, आमच्या घरातलं खरं भांडण रंगपंचमीचं.

बाहेरच्यांसाठी सांगतो, नाशकात धुळवडीला रंग नसतो, तो पंचमीला. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे जमिनीतले दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, पंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात, म्हणजे धपकन उडी घेतात. उघडताना पूजा होते, म्हणून आमच्या हिचं म्हणणं, लांबून बघा. माझं म्हणणं, पूजा झाल्यावर जा. मी लहानपणी गेलोय, माझं काय बिघडलं?

होळी आणि ईस्टर दोन्ही पौर्णिमेवर चालतात. होळीची पौर्णिमा २१ मार्चच्या आधी आली तर ईस्टर महिन्याने लांब जातो, नंतर आली तर एकाच आठवड्यात सगळं. २०२४ ला तेच झालं. रंगपंचमी ३० मार्चला, शनिवारी. आदल्या दिवशी गुड फ्रायडे, दुसऱ्या दिवशी ईस्टर. आमचा एकोणीस वर्षांचा मुलगा शुक्रवारी तीन तास चर्चमध्ये बसला, शनिवारी मित्रांबरोबर गेला आणि सरळ रहाडीत. हिने दिवसभर अबोला धरला. रविवारी पहाटेच्या उपासनेला पांढरा शुभ्र शर्ट आणि वर पिवळेजर्द कान! घासून घासून सोलायची पाळी आली तरी रंग हलेना. पाळकसाहेबांनी हात मिळवताना कानांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “कुठली रहाड?” हिचा अबोला तिथेच सुटला. पण मुद्दा सुटलेला नाही, पुढच्या वर्षी पुन्हा तोच वाद.

इंदिरानगरहून

वरच्यांचं वाचून आठवलं. २०२५ ला धुळवड १४ मार्चला आली, ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार. आम्ही त्या दिवशी मटण खात नाही, आणि सगळ्या बिल्डिंगमध्ये मटण शिजतंय. खालच्या वहिनींनी नेहमीप्रमाणे डबा आणून दिला. परत कसा करायचा? “उद्या खाऊ” म्हटलं आणि फ्रिजमध्ये ठेवला. रात्री साडेअकराला नवरा फ्रिजपाशी उभा, घड्याळ बघत.

कॉलेज रोड

१४ फेब्रुवारी २०२४, व्हॅलेंटाइन आणि राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) एकाच दिवशी. २०१८ लाही तसंच झालं होतं म्हणे, तेव्हा मी शाळेत होते. सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाऊन कपाळावर राख लावून घेतली आणि तशीच ऑफिसला. एकाने विचारलं, विभूती का? दुसरीने विचारलं, ब्रेकअप झालं का? संध्याकाळी तो गुलाब घेऊन आला (तो ख्रिस्ती नाही). त्या दिवशी आम्ही एकवेळ जेवतो, त्यामुळे त्याने बुक केलेलं जेवण रद्द. गुलाब घेतला. आईने तो फुलदाणीत ठेवला, पण देवघरापासून लांब, टीव्हीवर.

सातपूर

माझी गोष्ट इतकी गमतीची नाही. आमचे वडील चौतिसाव्या वर्षी विश्वासात आले, म्हणजे ख्रिस्ती झाले, आणि आल्या आल्या सगळं बंद झालं. वाढदिवसाचा केक, पतंग, फटाके, सगळंच. आठवीपर्यंत मी वर्गातला एकुलता एक ख्रिस्ती. डिसेंबर आला की बाई म्हणायच्या, सांता तूच. वडील म्हणायचे, सांता म्हणजे येशू नव्हे, जायचं नाही. मी बाईंना सांगितलं, ताप आहे. त्यांनी प्रेमाने घरी चॉकलेटं पाठवली, ती वडिलांनी परत पाठवली. बाईंचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

मोठं झाल्यावर कळलं की सांताच्या मागे मुऱ्या (मायरा) नावाच्या जुन्या शहराचे बिशप संत निकोलस आहेत, ६ डिसेंबर त्यांचा दिवस. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, मग सहा तारखेला गुपचूप गरिबाला दे, लाल टोपी कशाला? खरं सांगू, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल म्हणतो की कोणी एक दिवस विशेष मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करावी. वडिलांची खात्री झाली होती. माझी आणि आईची कोणी विचारलीच नाही.

आता माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मी तिला सांता होऊ देतो. वडील त्या दिवशी आमच्याकडे येत नाहीत, पंचवीस तारखेला येतात, तिच्यासाठी पाटी-पुस्तक घेऊन.

येवल्याहून

आमच्याकडे भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर. आसारी (मांजाची फिरकी) हातात आली की कोणी कोणाचा धर्म विचारत नाही, मांजा कोणाचा तेवढं विचारतात. आम्ही कधी काही ठरवलंच नाही. यावर इतकं बोलता येतं हे आज कळलं.

शरणपूर रोड (आजी सांगतेय, नात टाइप करतेय)

थर्टीफर्स्टला मला फोन येतात, “आजी, आज काय पार्टी?” आमची पार्टी म्हणजे रात्रीची उपासना. गेल्या वर्षात कोण गेलं, कोण जन्मलं, त्याची प्रार्थना, बाराला घंटा, मग चहा. बाहेर फटाके इतके की उपदेश ऐकू येत नाही. माझा नातू अर्धी रात्र मित्रांत, अकराला चर्चमध्ये, साडेबाराला परत मित्रांत. येतोय ना, मग मी बोलत नाही.

हळदीकुंकवाला मी चाळीस वर्षं जाते. कुंकू लावून घेत नाही. पहिल्या वर्षी यजमानीणबाई गोंधळल्या, हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनीच अत्तराची कुपी उघडली आणि माझ्या मनगटाला लावलं. तेव्हापासून माझं अत्तर ठरलेलं. वाण घेते, माझ्या घरातले अर्धे डबे वाणाचे आहेत. नाताळात मी करंज्या पाठवते. त्या बाई आता नाहीत. सून बोलावते, तिलाही अत्तराचं ठाऊक आहे.

धागा काढणारी, पुन्हा

सगळ्यांचं वाचलं, आजींचं दोनदा. यंदाही शाळेचा निरोप आलाय. रात्री जेवताना सभा भरली. नवरा म्हणाला, पाठवूच नको. सासूबाई म्हणाल्या, एकटाच घरी राहून रडेल. निरोपात ‘किंवा आवडता कोणताही वेश’ अशी ओळ आहे, ती मुलानेच वाचून दाखवली. त्याला द्राक्षाचा घड व्हायचंय. बनियनला फुगे टाचायचे, डोक्यावर पान. भुताचा प्रश्न मिटला. आता आमचे निफाडचे सासरे म्हणतात, फुगे हिरवेच पाहिजेत, बागेत थॉमसन जातीची हिरवी द्राक्षं आहेत. मुलगा जांभळ्यांवर अडून बसलाय. मेन रोडला दोन्ही रंगांची पाकिटं घेऊन आले.