काळे मांजर मागे का राहते: अपशकुनाची भीती की निव्वळ संख्या?

धागालेखिका:
मी भटक्या मांजरांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक आहे. एकाच वेतातल्या चार पिल्लांपैकी पट्टेदार आणि पांढरी पिल्ले आठवड्याभरात घरी जातात आणि काळे मात्र महिनोन्‌महिने पिंजऱ्यातच वाढते, हे मी अनेकदा पाहिले आहे. "गोड आहे हो, पण काळे नको," असे म्हणणाऱ्यांना कारण विचारले, तर ते नजर चुकवतात. ही भीती जुनी आहे. 1233 च्या सुमारास पोप नववे ग्रेगरी यांनी काढलेल्या 'व्हॉक्स इन रामा' या आज्ञापत्रात पाखंडी लोकांच्या कथित विधीत काळ्या मांजराचे वर्णन आले आणि पुढे चेटकिणींच्या कथांनी त्यात भर घातली. मात्र ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये हेच मांजर शुभ मानणारे पुष्कळ आहेत. मग अपशकुन मांजरात आहे, असे कसे म्हणावे?

पहिला प्रतिसाद (असहमत):
आपली कळकळ मान्य आहे, परंतु निष्कर्ष घाईचा वाटतो. काळा रंग मांजरांमध्ये अतिशय सर्रास आढळतो. त्यामागचे 'एएसआयपी' या रंग ठरवणाऱ्या जनुकाचे रूप अप्रभावी, म्हणजे दोन्ही पालकांकडून मिळाले तरच दिसणारे, असल्यामुळे ते दोन्ही पट्टेदार पालकांत दडून राहू शकते आणि त्यांच्या पोटीही काळे पिल्लू जन्मते. निवाऱ्यात मुळातच काळी मांजरे अधिक येत असतील, तर मागे उरलेल्यांतही तीच अधिक दिसणार. उरलेली मांजरे मोजून लोकांना अंधश्रद्ध ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

धागालेखिका:
संख्येचा मुद्दा रास्त आहे, म्हणूनच मी मुक्कामाच्या दिवसांबद्दल बोलते आहे. अमेरिकेतील कोलोरॅडोमधील दोन निवाऱ्यांच्या नोंदींवरून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काळ्या मांजरांना घर मिळण्यास सर्वाधिक काळ लागल्याचे दिसले. मांजरे किती आली, याने एकेका मांजराचा मुक्काम का लांबला हे कळत नाही.

दुसरा प्रतिसाद:
मुक्काम लांबण्याचे कारण अंधश्रद्धाच, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही. मी निवाऱ्यासाठी छायाचित्रे काढतो. उजळ खिडकीसमोर बसवलेल्या काळ्या मांजराचे डोळे, मिशा, चेहऱ्यावरचे भाव सगळे काळोखात बुडतात आणि पाहणाऱ्याला केवळ एक डाग दिसतो. तेच मांजर बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात, फिक्या पण झगझगीत नसलेल्या पडद्यापुढे बसवले, की त्याचा स्वभाव दिसू लागतो.

पहिला प्रतिसादक:
याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आणखी एक गोष्ट मला खटकते. हॅलोवीन या भुताखेतांच्या पाश्चात्त्य सणाच्या काळात क्रौर्य होईल, या धास्तीने काही निवारे ऑक्टोबरमध्ये काळी मांजरे दत्तक देणेच थांबवतात. मांजर नेणाऱ्याची नीट चौकशी करण्याऐवजी महिनाभर दार बंद ठेवल्याने मुक्काम आपणच वाढवतो आणि या मांजराभोवती काहीतरी अघटित आहे, या समजुतीला संस्थेचा शिक्का देतो.

धागालेखिका:
हे मला पटले. तरीही, मांजर समोर मांडीवर येऊन घुरघुरत असताना रंग पाहून हात मागे घेणारा माणूस छायाचित्रामुळे फसलेला नसतो. तेथे भीतीच बोलते. ती भीती किती जणांच्या मनात आहे, हे निवाऱ्याला कळायला हवे. म्हणून नकार देणाऱ्यांचे कारण, त्यांना अवघडवून न टाकता, विचारून लिहून ठेवण्यास मी या आठवड्यापासून सुरुवात करते. रंगनिहाय मुक्कामाचे दिवसही त्याच वहीत नोंदवीन.