खपली खा, पण रोजच्या गव्हाला ‘हायब्रीड’ म्हणू नका

बांधावरचा: कालची ती पोस्ट, ‘हायब्रीड गहू विष आहे, आजोबांचा अस्सल खपली गहू खा’, वाचून डोकंच उठलं. अहो लोक-१ काय, त्र्यंबक काय, हे रोजच्या पोळीचे गहू हायब्रीड नाहीतच, सरळ वाण आहेत, म्हणजे पिकातलंच बी ठेवून पुन्हा पेरता येतं, आम्ही घरचंच बी पेरतो. १९६६ला मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बी आणलं, का? उंच गव्हाला खत-पाणी वाढवलं की तो लोळायचा. आमच्या आज्याचा ओंब्या भरलेला गहू एका रात्रीच्या वाऱ्यात आडवा झाला, निम्मा उंदरांनीच नेला. त्या आजोबांना विचारा अस्सल म्हणजे काय ते.

चुलीवरची पोळी: विष जरा जास्तच झालं, मान्य. पण जुन्या बन्सी गव्हाची चव आठवते मला. आताची पोळी दुपारी डब्यात चामडं होते. एकरी उत्पादन वाढवणाऱ्यांनी कधी पोळी खाऊन बघितली का?

बांधावरचा: चवीचे जादा पैसे मोजता का ताई? आणि तुमचा दुकानातला ‘अस्सल’ खपली कदाचित एमएसीएस २९७१ असेल, पुण्याच्या आघारकर संस्थेत काढलेला बुटका खपली. संशोधकांचाच हो!

कोरडवाहू: गव्हावर भांडा, करडईला कोण विचारतंय? निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो आपण. आई हातापायाला फडकी गुंडाळून पहाटेच्या दवात करडई काढायची, कारण ऊन चढलं की काटे कडक होतात. तरी संध्याकाळी सुई घेऊन बसायचीच.

बांधावरचा: फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची नारी-६ कधीच काढलीय की.

कोरडवाहू: पेरली होती! काटे नाहीत म्हणून गावची गुरं, शेळ्या, पोपट सगळे जेवून गेले. काटा हेच तिचं कुंपण होतं साहेब. एसीत बसून वाण काढणं सोपं असतं.

बांधावरचा: एसीत? भर उन्हात एकेका फुलातले पुंकेसर चिमट्यानं काढतात ती माणसं. आणि राखण केली नाही तुम्ही, दोष वाणाला!

कोरडवाहू: राखणीला तुम्ही या, भाकरी देतो. आईला मात्र ती आवडली होती, सुई लागली नाही म्हणून. लिहून ठेवा, खूश व्हा.

चुलीवरची पोळी: धागा गव्हाचा होता ना?

बांधावरचा: होता. खिरीपुरता चार ओळी खपली आम्हीही पेरतो, आता यावरून स्क्रीनशॉट फिरवू नका. त्याची टरफलं काढायला उखळात सडायची वेळ आली की घरातले सगळे गायब होतात ते वेगळं.