घराच्या जुन्या कागदात ‘फक्त गोऱ्यांनी राहायचं’ असं सापडलं, काय वाचू?

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत सेंट लुइसजवळ गेल्या उन्हाळ्यात घर घेतलं. परवा कुंपणाचं काम काढलं म्हणून टायटल कंपनीने (घराच्या मालकीचे कागद तपासणारी कंपनी) दिलेली जुनी फाइल उघडली तर त्यात १९३८ चं एक टाइप केलेलं पान निघालं. कुंपण किती उंच असावं, कोंबड्या पाळायच्या नाहीत, आणि लगेच त्याच्या खालच्या कलमात, गोऱ्या वंशाच्या नसलेल्या कोणी इथे राहायचं नाही, घरकामाचा नोकर असेल तर चालेल. कोंबड्यांच्या खालोखाल माणसं! मुलगा आठवीत आहे, तो शेजारी उभा राहून वाचत होता, म्हणाला, “मग आपण राहू शकलो असतो का गं?” मला काही बोलताच आलं नाही. दहा वर्षं झाली इथे येऊन, पण वंशभेद म्हणजे बसमधली सीट आणि मार्टिन ल्यूथर किंग, यापलीकडे मला काही माहीत नाही याची खरंच लाज वाटली. नीट समजून घ्यायचंय, कुठून सुरुवात करू? आई सध्या आमच्याकडे आहे, तिच्यासाठी मराठीतलंही सुचवा.

माळरान:
मुलाला सांगा, नाही, नसतो राहू शकलो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, त्यामुळे नागरिकत्व नाही. असली कलमं कोर्टातून बजावून घेता येणार नाहीत हा निकाल आला १९४८ मध्ये, शेली विरुद्ध क्रेमर, आणि ती केस तुमच्याच सेंट लुइसची आहे. त्यानंतरही घर विकताना रंग बघायला देशभराची बंदी आली ती १९६८ मध्येच.
पुस्तक म्हणाल तर रिचर्ड रॉथस्टीनचं ‘द कलर ऑफ लॉ’ (२०१७). माझा समज होता की लोक आपापल्या मर्जीने वेगळे राहिले असतील, तो या पुस्तकाने पार मोडला. सरकारी नकाशांवर काळ्या वस्त्या लाल रंगाने दाखवायच्या, तिथल्या घरांना कर्जाचा सरकारी विमा नाही, म्हणून बँकेचं कर्ज मिळणं कठीण, आणि घर नाही म्हणजे पुढच्या पिढीला द्यायला काहीच नाही. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती पण काळी वस्ती शेजारीच म्हणून सरकारी मंजुरी मिळेना, तर त्याने १९४१ साली दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि मंजुरी मिळाली! ती भिंत अजून उभी आहे.

ओवी_अभंग:
माळरान म्हणतात ते पुस्तक चांगलंच आहे पण रानजाई, तू आधी माणसांचं वाच, कायदे नंतर. इसाबेल विल्करसनचं ‘द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स’ घे. दक्षिणेतून उत्तरेत आणि पश्चिमेत गेलेल्या साठेक लाख काळ्या लोकांची गोष्ट तिने तीन जणांच्या आयुष्यातून सांगितलीय. त्यातला रॉबर्ट फॉस्टर डॉक्टर आहे, १९५३ मध्ये एकटा गाडी चालवत कॅलिफोर्नियाला निघालाय, डोळे मिटायला लागलेत आणि अॅरिझोनात एकामागून एक मोटेलवाले खोली नाही म्हणतात. ते प्रकरण वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून होते.
मुलाला गुलामीत जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र दे, १८४५ चं, छोटंसं आहे. मालकीण अक्षरं शिकवत होती, मालकाने ते बंद पाडलं, मग हा पोरगा खिशात पाव घेऊन बाहेर पडायचा आणि गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकायचा.

कृष्णाकाठ:
वरचं मोटेलचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचा, मूळ इंग्रजीत आहे, एका बैठकीत होतं. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस बडोद्याला नोकरीवर हजर होतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही, मग पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहतो, अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन दारात. संध्याकाळी बागेत बसून राहिले, रात्रीच्या गाडीने मुंबई. फॉस्टर आणि हे, शेजारी शेजारी ठेवून वाचा.
आईंसाठी महात्मा फुल्यांची ‘गुलामगिरी’, १८७३ ची. त्यांनी ती अर्पणच केलीय अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून, त्या काळात! संवादाच्या रूपात आहे, मोठ्याने वाचायला छान. आणि दया पवारांचं ‘बलुतं’. मला स्वतःला पुण्यात २०१६ मध्ये एजंटने फ्लॅट दाखवायच्या आधी “पूर्ण नाव सांगा” म्हणून आडनाव काढून घेतलं होतं आणि नंतर फोन उचलला नाही, त्यामुळे तुमच्या त्या पानाबद्दल वाचताना मला १९३८ फार जुनं वाटलं नाही.

माळरान:
कृष्णाकाठ, पटलं. फक्त जात आणि वंश एकच आहे असं मुलाला सांगू नका हो कोणी. विल्करसनचंच ‘कास्ट’ (२०२०) ही तुलना करतं, त्यातला अमेरिकेचा भाग जबरदस्त आहे पण आपल्याकडचं मला वरवरचं वाटलं. तिकडे कातडी बघून ठरतं, इकडे नाव-गाव विचारून, आणि लग्न, पाणी, देऊळ हे सगळं त्याला चिकटलेलं. वेगळं वेगळं वाचा, मग जोडा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. डग्लस लायब्ररीतून आणलं, मुलगा पावाच्या प्रसंगापर्यंत पोचलाय. बडोद्याचं मी काल रात्री आईला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, आपल्या वाड्यात भाडेकरू ठेवताना अण्णाही आधी आडनावच विचारायचे. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. ते १९३८ चं पान मी फाडून टाकणार होते, पण मुलगा नको म्हणतोय, त्याला ते शाळेत न्यायचंय.