डरहॅमचे घोडे आणि डभोईचे बैल: मागासलेपण की रुळांचे वजन?

मांडवीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. खंडेराव महाराजांच्या काळात, 1862 मध्ये, डभोई–मियागाम मार्गावर एकमेकांपासून अडीच फूट अंतरावर रूळ घालून त्यांवरून डबे ओढण्यासाठी बैल जुंपले गेले, ही हकीकत आपल्या बडोद्यात बहुतेकांच्या कानावर असते आणि ती सांगणारा सहसा हसतच सांगतो. इंग्लंडच्या डरहॅम काउंटीत मात्र स्टॉकटन–डार्लिंग्टन रेल्वे 27 सप्टेंबर 1825 रोजीच वाफेच्या इंजिनासह सुरू झाली होती. मधली 37 वर्षे पाहता बैलगाडीची ही रेल्वे निव्वळ मागासलेपणाची खूण मानावी, की तिच्यामागे काही तांत्रिक कारण होते? डरहॅमचा इतिहास वाचलेल्यांनी कृपया खुलासा करावा.

रूळवाट

डरहॅममध्ये रूळ आधी आले आणि इंजिन फार नंतर, हे लक्षात घेतले तर कोडे बरेचसे सुटते. तेथील कोळसा खाणींपासून नदीच्या धक्क्यापर्यंत लाकडी रुळांवरून घोड्यांनी वाघिणी (मालाचे डबे) ओढण्याची पद्धत सतराव्या शतकापासून चालत आली होती, आणि टॅनफील्डच्या अशाच एका मार्गासाठी 1725–26 मध्ये बांधलेली कॉझीची दगडी कमान आजही उभी आहे. वाफेच्या इंजिनांचा अभियंता रिचर्ड ट्रेव्हिथिक याच्या आराखड्यावरून 1805 मध्ये गेट्सहेड येथे, म्हणजे तेव्हाच्या डरहॅममध्येच, वायलम खाणीसाठी एक इंजिन तयार झाले. पण लाकडी रुळांना त्याचे वजन पेलण्याजोगे नव्हते, म्हणून ते खाणीवर कधी चाललेच नाही. आपल्याकडेही नेमके हेच घडले. ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिने 1863 मध्ये आली, परंतु रूळ यार्डाला अवघे 13 पौंड वजनाचे असल्याने ती त्यांवर नीट चालेनात, आणि पुढे 1873 मध्ये जड रूळ घालून मार्ग नव्याने बांधावा लागला. स्टॉकटन–डार्लिंग्टनचा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याने 1825 च्या त्या मार्गासाठी बहुतांशी वापरलेले घडीव लोखंडी रूळ यार्डाला 28 पौंडांचे होते, म्हणजे आपल्यापेक्षा दुपटीहून जड. बिडाचे रूळ ठिसूळ असतात, म्हणून त्याने घडीव लोखंडाचा आग्रह धरला होता. माझ्या मते इंजिनाइतकेच श्रेय या निर्णयाला द्यायला हवे.

दांडियाबाजार

वरील विवेचनाला पैशाची बाजू जोडतो. डार्लिंग्टनचे लोकर व्यापारी एडवर्ड पीझ आणि त्यांचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे सहकारी यांनी भांडवल घातले ते बिशप ऑकलंड या गावाच्या परिसरातील कोळसा वर्षभर टीझ नदीपर्यंत उतरवता येईल या हिशेबाने. अशा अखंड, जड मालासाठी महाग रूळ परवडतात. डभोईच्या बाजूचा माल मुख्यतः कापूस आणि धान्य, म्हणजे हंगामी. मियागामला मोठ्या रेल्वेशी जोडणारा स्वस्त, हलका फाटा घालून तूर्त बैलांवर काम भागवणे हा मला तरी शहाणपणाचाच व्यवहार वाटतो. त्यात हसण्यासारखे काय आहे, ते हसणाऱ्यांनाच ठाऊक.

मांडवीकर

दोघांचेही आभार. एक उपप्रश्न: 1825 नंतर त्या मार्गावर घोडे लगेच बंद झाले का?

रूळवाट

नाही, आणि ही बाजू फारशी सांगितली जात नाही. उद्घाटनाच्या दिवशी 'लोकोमोशन' इंजिनाने गाडी ओढली खरी, परंतु त्यानंतर नियमित प्रवासी डबे घोड्यांनीच ओढले जात. एथर्ली आणि ब्रसेल्टन या दोन टेकड्यांवर तर चालते इंजिन नव्हतेच. माथ्यावर बसवलेली स्थिर इंजिने दोराने वाघिणी वर खेचत. रस्त्याप्रमाणे कर भरून कोणीही आपली गाडी त्या रुळांवर आणू शकत असे आणि मार्ग एकेरी होता, त्यामुळे समोरासमोर आल्यावर मागे कोणी सरकायचे यावरून घोडेवाले आणि इंजिनवाले यांच्यात भांडणे जुंपत. 1828 पासून घोड्यांसाठी गाडीच्या शेवटी एक खास वाघीण जोडू लागले, जेणेकरून उतारावर गाडी आपोआप धावताना घोडा तीत उभा राहून चारा खाई आणि चढासाठी ताजातवाना राही. 1833 मध्ये कंपनीने वाहतूक स्वतःच्या हाती घेतली, तेव्हा कुठे मुख्य मार्गावरून घोडे हटले.