प्रति: समान गुण असतील तर क्रमांक कसे द्यायचे?

एक्सेलमध्ये समान गुणांची बरोबरी मोडायला वर कुणीतरी गुणांत ओळ क्रमांकाचा बारीकसा अपूर्णांक मिसळायला सांगितलंय. चालतं ते, पण मग यादीत कोण वर आणि कोण खाली यावर जिंकणं ठरतं, म्हणजे निकाल टाइप करणाऱ्याच्या हातात! बरोबरी मोडायचीच असेल तर खरा दुसरा निकष घ्या, समजा लेखी परीक्षेचे गुण. एकूण गुण तेवढेच पण लेखी गुण जास्त, अशा ओळी काउंटइफ्सने (अनेक अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारं फंक्शन) मोजा आणि तो आकडा रँकच्या (गुणांवरून क्रमांक देणारं फंक्शन) उत्तरात मिळवा.

मूळ प्रश्न मात्र वेगळा होता. ९०, ८५, ८५, ८० ला रँक १, २, २, ४ देतं आणि हवंय १, २, २, ३. एक्सेल २०२१ किंवा त्यापुढचं असेल तर सोपं आहे: युनिकने वेगवेगळे गुण काढा, सॉर्टने उतरत्या क्रमाने लावा, एक्समॅचने त्यातली जागा विचारा. जुन्या आवृत्तीत सम्प्रॉडक्ट (अनेक ओळींचा हिशोब करून एकत्र बेरीज देणारं फंक्शन) वापरावं लागेल. आपल्यापेक्षा जास्त गुणांच्या प्रत्येक ओळीसाठी १ भागिले त्या गुणांचा काउंटइफ (ते गुण किती ओळींत आलेत तो आकडा), या सगळ्यांची बेरीज, अधिक १. दोनदा आलेला ८५ अर्धा-अर्धा धरला जातो आणि एकदाच मोजला जातो. रेंजमध्ये रिकामा सेल राहिला तर शून्याने भागल्याची एरर येते, तेवढं बघा.

गुण सरासरीतून आले असतील तर आधी राउंड करा. दिसायला दोन्ही ८५.३३, पण आत तिसऱ्या-चौथ्या दशांशात फरक असला की रँक खुशाल वेगळे क्रमांक देऊन मोकळं होतं.