45 ला 502, 55 लाही 502? आधी आकड्याखालची बारीक ओळ वाचा

खंबाटकी: "टाटांच्या कर्व्ह ईव्ही या विजेच्या गाडीच्या 45 युनिटच्या (किलोवॉट-अवर) बॅटरीला एका चार्जमध्ये 502 किमी, 55 च्या बॅटरीलाही 502 किमी, मग वरचे पैसे कशाला घालायचे?" हा जावईशोध काल कोथरूडकरांनी लावला आणि खाली "अगदी बरोबर"ची रांग लागली. डोकं उठलं म्हणून सविस्तर लिहितोय.

अहो, ते दोन 502 एका मापाचे नाहीत. 2024 मध्ये गाडी आली तेव्हा 45 ला 502 आणि 55 ला 585 असे आकडे होते. ते एमआयडीसी या रेंज मोजायच्या भारतीय चाचणीच्या फक्त पहिल्या, शहरी भागाचे. (भोसरीची एमआयडीसी नव्हे!) त्यात वेग 50 च्या वर जातच नाही. दुसरा भाग मिसळला, जिथे वेग 90 पर्यंत जातो, की तेच आकडे 430 आणि 502 होतात. तुम्ही लहानीचा पहिला आकडा मोठीच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवलात. कंपनी 'सी75' म्हणून जी प्रत्यक्षातली रेंज सांगते, तीसुद्धा 45 ला 330 ते 350 आणि 55 ला 400 ते 425 आहे. कसंही मोजा, फरक सत्तर-ऐंशी किमीचा.

कोथरूडकर: माप वेगळं, मान्य. आपण थोर. पण सामान्य माणसाने गाडी घ्यायला भिंग घेऊन जायचं का? आणि माझा मुद्दा जागेवरच आहे. शहरात रोज तीस-चाळीस किमी होतात, 45 ची आठवडाभर पुरते. वरची दहा युनिटं नुसती वजन म्हणून फिरवायची.

खंबाटकी: शहरात पुरते हो! आमची सासुरवाडी आजऱ्याला. माझी गाडी दुसरी, पण बॅटरी लहानच. चार माणसं, डिकी गच्च, एसी चालू, काटा शंभरवर. पन्नासच्या दुप्पट वेगाला हवेचा विरोध चौपट होतो, तो कुठल्या जाहिरातीत लिहिलेला नसतो. कराडच्या पुढे चार्जरवर गेलो तर एक गन (गाडीला लावायची चार्जिंगची नळी) बंद, दुसरीवर एक साहेब 80 टक्के झाल्यावरही 100 करत बसलेले. 80 नंतर चार्जिंग मंदावतं हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पैसे मी भरतोय ना?" तेव्हा ती सत्तर किमी किती मोलाची असतात ते कळतं.

डिझेलच_बरं: म्हणून म्हणतो, टाकी भरा आणि बेळगाव गाठा.

मीटर_कुठाय: तुमचं रेंजपुराण चालू द्या. आमच्या सोसायटीत चार्जर लावू देत नाहीत, त्याचं काय? स्वतःचं पार्किंग, स्वतःच्या मीटरवरून वायर, तरी सेक्रेटरी म्हणतात आग लागेल. त्याच पार्किंगमध्ये यांच्या पेट्रोलच्या चार गाड्या उभ्या!

सोसायटीवाला: मी सेक्रेटरी आहे. बोलणं सोपं असतं. आमच्या बिल्डिंगचा मंजूर लोड लिफ्ट आणि पंपातच संपतो. उद्या दहा जणांनी सात-सात किलोवॉटचे चार्जर लावले तर केबल बदलायचा खर्च कोणी द्यायचा? गाडी नसलेल्या आजोबांनी?

मीटर_कुठाय: सात किलोवॉट मागितलं कोणी? 15 अँपिअरचा साधा प्लग द्या. रात्रभरात पंचवीसेक युनिटं जातात, दीडशे किमीची सोय. गीझरला परवानगी मागतो का आम्ही?

सोसायटीवाला: गीझर रात्रभर चालत नाही, साहेब. तुमच्यासारखे सभेला येत नाहीत आणि नंतर इथे ओरडतात.

मीटर_कुठाय: सभा ठेवता मंगळवारी दुपारी चारला! पगारदार माणसाने यायचं कसं?

खंबाटकी: अरे धागा बॅटरीचा आहे!

कोथरूडकर: राहू द्या, हेच महत्त्वाचं आहे. घरी प्लग असेल तर 45 ची पुरे. ज्याला घरी प्लगच नाही त्याने मोठी घ्यावी, म्हणजे चार्जरवर कमी खेपा. घ्या, दिली तुमची 55 ची बाजू. पेढे वाटा.

खंबाटकी: उपकार झाले. आता कालच्या पोस्टमधला तो 502 बदला, लोक अजून खाली "अगदी बरोबर" लिहितायत.

कोथरूडकर: बदलतो. जेवण झाल्यावर.

सोसायटीवाला: पुढची सभा रविवारी सकाळी दहाला ठेवतो. प्लगवाल्यांनी केबलच्या खर्चाचा अंदाज घेऊनच यावं.

मीटर_कुठाय: सूचना लेखी काढा, मग बघू.