हृदय प्रत्यारोपणानंतरची देखरेख: ठरावीक बायोप्सी की रक्तचाचणी?

खानापूरकर
प्रत्यारोपित हृदय शरीर नाकारते आहे का, हे पाहण्यासाठी मानेतील शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या कप्प्यातील स्नायूचे बारीक तुकडे काढतात आणि पहिल्या वर्षात ही बायोप्सी अनेकदा होते. माझे मत असे की, पहिले सहा महिने सुरळीत गेलेल्या रुग्णाची केवळ तारीख आली म्हणून बायोप्सी करू नये, रक्त तपासावे. हृदयाच्या पेशी मरू लागल्या की दात्याच्या डीएनएचे तुकडे रुग्णाच्या रक्तात उतरतात आणि रक्तातील एकूण मुक्त डीएनएमध्ये त्यांचे प्रमाण किती, हे मोजता येते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘ग्राफ्ट’ अभ्यासात हे प्रमाण ०.२५ टक्क्यांच्या खाली असेल, तर तीव्र रिजेक्शन, म्हणजे शरीराने हृदय नाकारणे, नसण्याची शक्यता सुमारे ९९ टक्के आढळली. बेळगावात हृदय प्रत्यारोपण होते हे खरे. तरीही ज्याची शस्त्रक्रिया पुण्यात किंवा बेंगळुरूत झाली, त्या बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या रुग्णाने दर तपासणीला तेवढी वाट का तुडवावी? पांढऱ्या पेशी फुटू न देणाऱ्या खास नळीत हे रक्त काही दिवस टिकते. प्रवास नळीने करावा.

टिळकवाडीचे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ
९९ टक्क्यांच्या आकड्यामागे एक साधे कारण आहे: तपासलेल्या नमुन्यांत रिजेक्शन मुळातच थोडे होते. त्याच अभ्यासात चाचणीची संवेदनशीलता ८१ टक्के होती, म्हणजे पाचांतील जवळपास एक रिजेक्शन तिच्या हातून निसटते. शिवाय वाढलेला आकडा एवढ्यावरून रिजेक्शन रुग्णाच्या प्रतिकारपेशींमुळे आहे की प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे), हे ठरत नाही आणि दोहोंचे उपचार वेगळे आहेत. जनुकांच्या सक्रियतेवर आधारलेल्या दुसऱ्या रक्तचाचणीची गोष्टही सांगतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इमेज’ अभ्यासात ६०२ रुग्ण होते. त्यांतील रक्तचाचणीच्या गटात उपचार करावे लागलेल्या ३४ प्रसंगांपैकी केवळ ६ प्रसंग निव्वळ त्या चाचणीने उघड झाले. बाकीचे बहुतेक लक्षणांनी किंवा इकोने (हृदयाच्या सोनोग्राफीने) कळले. मग भरवसा नक्की कशावर ठेवायचा?

खानापूरकर
डॉक्टरसाहेब, तोच ‘इमेज’ अभ्यास पुढे वाचावा. दोन वर्षांत गंभीर परिणाम रक्तचाचणीच्या गटात १४.५ टक्के, तर बायोप्सीच्या गटात १५.३ टक्के, बायोप्सी मात्र दरवर्षी रुग्णामागे ०.५ विरुद्ध ३. त्या जादा बायोप्सींनी रुग्णाच्या पदरात काय पडले? बायोप्सीतही विकार ठिपक्याठिपक्यांनी असला तर तुकडा निरोगी जागेचा येऊ शकतो, आणि वारंवार केल्याने त्रिदली झडप गळू लागल्याची उदाहरणे आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक असतील.

निपाणीची परिचारिका
दोघेही मोठ्या चाचण्यांवर बोलता आहात. आमच्याकडे टॅक्रोलिमसच्या, म्हणजे रिजेक्शन होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या औषधाच्या, रक्तातील पातळीचेच घोडे अडते. हे रक्त पुढची गोळी घेण्याच्या आधी, साधारण बारा तासांच्या अंतराने द्यायचे असते, परंतु रुग्ण सवयीने सकाळची गोळी घेऊन प्रयोगशाळेत येतो आणि फुगलेल्या आकड्यावर कोणीतरी मात्रा कमी करते. त्यात गावच्या दवाखान्यात क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले तर पातळी खरोखरच चढते, आणि क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर कोसळते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांत वाद झाला. त्या वादात पैसा कोणी द्यायचा हे सुटेपर्यंत निदान ही स्वस्त चाचणी तरी नीट व्हावी, एवढेच माझे म्हणणे. डीएनएची चाचणी मला नको आहे असे नाही. तिचा क्रम नंतरचा आहे.

टिळकवाडीचे निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ
ताईंशी पूर्ण सहमत. खानापूरकरांना एवढेच देतो: पहिले वर्ष उलटलेल्या, दात्याविरुद्ध प्रतिपिंडे नसलेल्या आणि प्रत्येक भेटीत इको होणाऱ्या रुग्णाची ठरल्या तारखेची बायोप्सी टाळून रक्त तपासण्यास माझी हरकत नाही. सहा महिन्यांची मर्यादा मला मान्य नाही, कारण आकडा वाढल्यावर जांबोटीच्या त्या रुग्णाची बायोप्सी कुठे आणि किती तासांत होईल, याचे उत्तर आपल्या मांडणीत अजून आलेले नाही.

खानापूरकर
बेळगावात. शस्त्रक्रिया कुठेही झालेली असो, मूळ रुग्णालयाने कागदपत्रे आधीच इथे पाठवून ठेवायला हवीत, आणि ते होत नसेल तर आपली एक वर्षाची अट मी मान्य करतो.